तयार केलेली जागा

१

सकाळी उठायचं, तोंडावर पाणी मारायचं, चहाला हात न लावता तळ्याचा धक्का गाठायचा, पाण्याला टेकलेल्या पायरीवर बसून पाण्याची तब्येत बघायची आणि मग ती साऱ्या गावाला सांगायची, हा गढूळरावांचा कैक वर्षांचा नेम. गावच्या रेडिओवर सकाळच्या बातम्या संपल्या की त्यांचा आवाज यायचा. तळ्याला पाणी किती, नदीच्या वळणावर ओढ कशी, गिरणीमागच्या डबक्यात काय लागतंय, गांडूळ लावावं की कणीक. नदीची खबर नावाडी फोनवर द्यायचा, डबक्याची गिरणीचा राखणदार. तळं मात्र गढूळराव स्वतः बघायचे, कारण तळं त्यांचं होतं. म्हणजे मालकीचं नव्हे. दुसऱ्याच्या ओट्यावर रोज बसून बसून माणूस तो आपलाच समजायला लागतो, तसं.

गढूळराव हे नाव लोकांनी ठेवलेलं. पाणी काचेसारखं असो की नुसता चिखल असो, हे रेडिओवर म्हणणार, ‘किंचित गढूळ’. कुणाला मासा नाही लागला तर दोष गढूळपणावर ढकलता येतो आणि लागला तर श्रेय बातमी देणाऱ्याचंच. स्वतःच्या अंगाशी येईल असं वाक्य या माणसाने जन्मात उच्चारलं नव्हतं. गाव हसायचं, पण गळ टाकायला निघण्याआधी रेडिओ लावायचंच.

पाणी किती स्वच्छ आहे ते बघायला त्यांच्याकडे एक पांढरी थाळी होती. थाळीला खालून वजन, मधून दोरी, दोरीला हाताहातावर गाठी. थाळी पाण्यात सोडत जायची. ज्या गाठीला ती दिसेनाशी होते, तिथवर पाणी स्वच्छ. एवढं साधं काम. पोरालाही जमेल.

त्या दिवशी ऊन चांगलं वर आलं होतं आणि पाणी इतकं नितळ होतं की पायऱ्यांवरचं शेवाळ मोजता आलं असतं. तरी थाळी दुसऱ्याच गाठीला नाहीशी झाली. गढूळरावांनी चष्मा पुसला. मग सवयीने आणखी दोरी सोडली, आणि पाचव्या गाठीला थाळी पुन्हा दिसायला लागली. पांढरीशुभ्र, खाली, सावकाश डोलत. दोरी मात्र सरळ नव्हती. मध्येच एके ठिकाणी ती जराशी कलली होती, कशाला तरी टेकून उभी असावी तशी.

वर दिसेनाशी झालेली थाळी खाली दिसत नसते. गढूळ पाणी खाली गेल्यावर निवळत नाही. मधे काहीतरी आडवं होतं आणि ते बाजूला झालं, एवढाच त्याचा अर्थ होतो. पाणवेलींचा पुंजका असेल, गढूळराव मनाशी म्हणाले. पुंजके तरंगत येतात, जातात. त्यांनी दोरी गुंडाळली आणि रेडिओवर सांगितलं, ‘किंचित गढूळ’.

२

घरात तीन माणसं. गढूळराव, त्यांची बायको आणि बायकोचा भाऊ. मेहुण्याची नोकरी सुटली तेव्हा तो चार दिवसांसाठी म्हणून आला आणि बाहेरच्या खोलीतल्या दिवाणाला त्याच्या अंगाचा खड्डा पडला तरी ते चार दिवस संपेनात. काम शोधतोय, असं तो म्हणायचा. बहुतेक ते त्याला उशीखाली सापडेल अशी त्याची समजूत असावी.

‘‘भावजी, आज पाणी कसं?’’ तो आडव्यानेच विचारायचा.

‘‘रेडिओवर ऐकलंस ना?’’

‘‘ऐकलं. किंचित गढूळ. ताईने तुम्हाला लग्नाला होकार दिला तेव्हा तुम्ही घरच्यांना काय सांगितलं होतं? किंचित होकार?’’

आतल्या खोलीत शिवणयंत्रावर बसलेली बायको हसायची. ती गावाचे कपडे शिवायची, उसवायची, सैल करायची, आवळायची. गळ्यात कायम मोजायची फीत. आई गेली तेव्हा हा भाऊ जेमतेम चालायला लागला होता. तिनेच त्याला भरवलं, शाळेत घातलं, त्याच्या आजारपणात रात्री जागवल्या. त्याला कुणी बोललं की तिच्या यंत्राचा आवाज थांबायचा. गढूळरावांनी एकदाच त्याला घालवायचा विषय काढला होता. त्या दिवशी यंत्र संध्याकाळपर्यंत सुरू झालं नाही, आणि त्यांनी तो विषय पुन्हा काढला नाही.

कारण त्या यंत्राच्या आवाजाशिवाय त्यांना घर म्हणजे काय तेच कळत नव्हतं. तळं, रेडिओ, गावातला मान हे सगळं बाहेरचं. घरी परतताना गल्लीच्या तोंडाशी ती खडखड ऐकू आली की त्यांचा जीव जागेवर यायचा. बायकोवर त्यांचं फार प्रेम होतं. हे त्यांनी तिला कधी सांगितलं नव्हतं, कारण तेही कदाचित अंगाशी आलं असतं.

३

मग धक्क्यावर मासे दिसायला लागले.

पहिल्यांदा पाण्यालगतच्या पायरीवर एक गवत्या मासा. हातभर लांब, जिवंत, कल्ले हलवत पडलेला. गळाची खूण नाही, जाळ्याचा ओरखडा नाही. उडी मारून आला असेल म्हणून गढूळरावांनी तो घरी नेला. बायको खूश झाली, मेहुणा तर उठूनच बसला. दुसऱ्या दिवशी त्याच वेळेला दोन मासे, एक पायरी वर. पुढच्या दिवशी आणखी एक पायरी वर. गढूळराव पिशवी घेऊनच जायला लागले. गावात विचारणाऱ्यांना ते नुसतं मिशीत हसून दाखवायचे.

थाळी मात्र रोज आधीच दिसेनाशी होत होती. दुसऱ्या गाठीला, मग पहिल्या, मग पहिल्या गाठीच्याही आधी. पाणी नितळच. एका सकाळी त्यांनी थाळी नुसती पाण्याला टेकवली आणि तिच्याखालचं पाणी एकदम काळसर झालं, आणि दोरी त्यांच्या बोटांत हळूच एकदा ओढली गेली. खेचली नाही, नुसती चाचपली. त्या दिवशी गढूळरावांनी दोरी गुंडाळलीसुद्धा नाही, तशीच पायरीवर टाकून मासे घेऊन आले. मासे मात्र विसरले नाहीत.

दुपारी ते स्वयंपाकघरात कणकेचे गोळे वळत बसले. तळ्याच्या पलीकडच्या काठाला त्यांची एक खास जागा होती आणि ती तयार करणं चालू होतं. जागा तयार करणं म्हणजे गळ टाकायच्या आधी बरेच दिवस, एकाच ठिकाणी, एकाच वेळेला, नुसता चारा टाकत राहायचं. गळ नाही, दोरा नाही, आवाज नाही. मासा आधी बिचकतो. मग येतो, खातो, काही होत नाही. दुसऱ्या दिवशी वेळेआधी येऊन थांबतो. मग चारा रोज थोडा थोडा काठाकडे सरकवायचा. मासा भीती विसरला, चाऱ्यावर हक्क सांगायला लागला, की मग एक दिवस त्या चाऱ्यात गळ.

गढूळरावांचा हात कणकेत थांबला.

‘‘अहो, काय झालं?’’ बायकोने विचारलं.

‘‘काही नाही,’’ ते म्हणाले. ‘‘पाणमांजर असेल.’’

‘‘कुठे?’’

‘‘तळ्यात. तेच मासे काढून ठेवतं बहुतेक.’’

पण पाणमांजर मासा काढतं तो खायला. त्याचं डोकं तरी कुरतडतं. पायरी पायरीने वर ठेवत कुणाला बोलावत नाही.

४

त्यांनी जाणं बंद केलं. अंगात कणकण आहे म्हणाले आणि रेडिओला घरूनच, पांघरुणात बसून, मनाला येईल ती बातमी द्यायला लागले. कुणाला फरक कळला नाही. गावाने इतकी वर्षं काय ऐकलं होतं याचा त्यांना तेव्हा थोडा अंदाज आला.

मग एका सकाळी दूधवाला दाराशी आला, हातात भलाथोरला मासा. ‘‘गढूळराव, हा तुमचाच का? धक्क्याच्या फाटकाबाहेर पडला होता. रस्त्यावर!’’ दुसऱ्या दिवशी त्याला मासा रस्त्याच्या वळणावर दिसला.

हेही गढूळरावांना ठाऊक होतं. जागेवर यायचं ज्याने सोडलं, त्याच्या वाटेवर चारा थोडा पुढे टाकायचा.

‘‘तुम्ही पडून राहा,’’ बायको म्हणाली. ‘‘उद्या मी जाते धक्क्यावर. थाळी सोडायची, गाठ बघायची, एवढंच ना? तेवढेच पाय मोकळे होतील.’’

गढूळराव पांघरुणातून उठून बसले. खरं सांगावं तर काय सांगायचं? पाण्यात काहीतरी आहे आणि ते मला चारा घालतंय? मेहुण्याने ते गावभर केलं असतं. लोकांनी उरलेला जन्म पायरीवर शेंगदाणे टाकून त्यांना बोलावलं असतं. बायकोला जाऊ द्यायचं नव्हतं. स्वतः जायचं नव्हतं. आणि बाहेरच्या खोलीतून घोरण्याचा आवाज येत होता.

ते फार वेळ विचार करत बसले असं म्हणायला मला आवडलं असतं. पण चहाचा कप गार व्हायच्या आत त्यांचं ठरलं.

‘‘अरे, एक काम होईल का तुझ्याच्याने?’’ त्यांनी मेहुण्याला उठवलं. आवाज गोड केला. ‘‘दिवसभर लोळतोस, ताईला वाईट वाटतं. उद्या तळ्याची बातमी तू आण. खालच्या पायरीवर बैस. थाळी सोड, आणि पाणी गार आहे की कोमट ते हात घालून बघ. चांगला कोपरापर्यंत घाल. वेळ मात्र चुकवू नकोस.’’

‘‘कोपरापर्यंत?’’

‘‘नाहीतर कळत नाही.’’

दुसऱ्या दिवशी मेहुणा शीळ घालत गेला. गढूळराव खिडकीशी बसून राहिले. बायको यंत्रावर कुणाची तरी बाही लावत होती आणि यंत्राच्या आवाजात त्यांना शीळ ऐकू येईनाशी झाली. आता कुणीतरी धावत येईल, आता दारात गर्दी होईल. तोंडावर कसला भाव आणायचा, तेही त्यांनी ठरवून ठेवलं.

शीळ परत आली. दोन्ही हातांत दोन मासे, अंगावरचा सदरा ओलाचिंब, चेहरा हसरा. ‘‘पाणी कोमट आहे, भावजी,’’ मेहुणा म्हणाला. गढूळरावांचा जीव भांड्यात पडायला हवा होता. तो पडला नाही. त्यांची निराशा झाली होती, आणि ती आपली निराशाच आहे हे त्यांना चांगलं कळलं.

५

त्यानंतर मेहुणा रोज जायला लागला. न सांगता, वेळेवर. थट्टा बंद झाली. दिवाणावर लोळणं बंद झालं. तो खोलीत उभा असायचा, बहुतेक वेळ तळ्याच्या बाजूच्या भिंतीकडे पाठ करून. सदरा वाळत नव्हता. बायको दिवसातून तीनदा बदलायची, तरी पाठीवर ओल यायचीच.

‘‘त्याला ताप नाही,’’ ती काळजीने म्हणाली. ‘‘उलट गार लागतोय. अहो, काहीतरी झालंय त्याला. खूप हसतो आणि डोळ्यांत काहीच नसतं.’’

बायकोने त्याला बाजारातून सुतळी आणायला पाठवलं तेव्हा गढूळराव मागोमाग गेले. मेहुणा बाजाराच्या कोपऱ्यापर्यंत नीट चालला. तिथे थांबला. पुढे पाऊल टाकायला गेला आणि त्याचे खांदे मागे आले. पुन्हा गेला, पुन्हा खांदे मागे. कोपऱ्याच्या पलीकडे सुतळीचं दुकान समोर दिसत होतं. शेजारून लोक जात-येत होते, एकाने त्याला नमस्कारही केला. मग तो हसतमुखाने वळला आणि घरी आला.

संध्याकाळी तो सदरा बदलत असताना गढूळरावांनी पाठ बघितली. दोन खांद्यांच्या मधे, कण्याच्या जरा बाजूला, कातडीत दोन लहान खुणा होत्या. एक आत जाण्याची, एक बाहेर येण्याची. रक्त नाही, सूज नाही. अतिशय सफाईचं काम. कौतुक वाटावं असं. ते काम काय आहे हे गावात त्यांच्याइतकं कुणालाच कळलं नसतं.

मरळ धरायची असली की कणीक चालत नाही. तिला जिवंत चारा लागतो. एक लहान मासा घ्यायचा, गळ त्याच्या पाठीच्या कातडीतून घालायचा, काट्याला धक्का न लावता, म्हणजे तो मरत नाही. मग त्याला पाण्यात सोडून द्यायचं. तो पोहतो. आपल्या माशांत जातो. दोरा पुरतो तिथवर त्याला वाटतं, आपण मोकळे आहोत. लहान मासा कुणाला नको असतो. त्याच्यामागे जो येईल, तो हवा असतो.

या घरात मेहुण्यामागे धावून जाणारं माणूस कोण, हे गढूळरावांना कुणाला विचारावं लागलं नाही.

६

त्या रात्री त्यांनी दाराला कुलूप लावलं आणि किल्ली उशीखाली ठेवली. सकाळ गेली. मेहुणा दाराशी उभा राहिला, आणि मग जेवणंही झाली. गढूळरावांना वाटलं, वेळ टळली. दुपारच्या लख्ख उन्हात त्यांचा डोळा लागला. जागे झाले ते यंत्र थांबल्यामुळे. बाहेरच्या खोलीची खिडकी गजांसकट बाहेर पडली होती, आणि दार उघडं होतं, कुलपात त्यांच्या उशीखालची किल्ली.

बायको रस्त्याच्या वळणाशी दिसली. ते तिच्यामागे धावले. इतक्या वर्षांत ते कशासाठी धावल्याचं कुणी पाहिलं नव्हतं. दुकानांतून लोक बघायला लागले. धक्क्याच्या फाटकाशी त्यांनी तिचा हात धरला.

खाली मेहुणा कमरेइतक्या पाण्यात उभा होता. तो स्वस्थ नव्हता. एकदा इकडे, एकदा तिकडे, त्याचं अंग थोडं थोडं वळवळत होतं. तोंडावर तेच हसू. ‘‘ताई,’’ तो म्हणत होता. ‘‘ताई. ताई.’’ लहानपणी अंधारात हाक मारायचा, त्या आवाजात.

‘‘सोडा मला!’’

‘‘जाऊ नकोस. तो तो नाहीये. तो तुझ्यासाठी लावलाय.’’

‘‘काय बोलताय तुम्ही?’’

‘‘मला माहीत होतं,’’ गढूळराव म्हणाले. आयुष्यात पहिल्यांदा ते काहीही हातचं न राखता बोलत होते. ‘‘पाण्यात काहीतरी आहे, मला आधीपासून माहीत होतं. ते माझ्यासाठी आलं होतं. मी माझ्या जागी ह्याला पाठवला. मुद्दाम. तुला वाचवायला.’’

तिने त्यांच्याकडे बघितलं. ती विश्वास ठेवणार नाही, अशी त्यांना भीती होती. तिचा शब्दन् शब्दावर विश्वास बसला होता. तिने त्यांची बोटं एकेक करून आपल्या हातावरून काढली, उसवलेला दोरा काढावा तशी, शांतपणे. आणि ती पायऱ्या उतरून गेली.

तिने भावाला मिठी मारली तेव्हा पाण्याखालच्या पायऱ्या गढूळरावांना स्वच्छ दिसत होत्या. मग खालच्या चार दिसेनाशा झाल्या. त्यांच्यावरून काहीतरी सरकत गेलं, आणि ते संपायला फार वेळ लागला. पाण्यावर एक तरंगही उठला नाही. दोघं खाली गेली.

गढूळराव वरच्या पायरीवर उभे होते. त्यांना पोहता येत होतं.

थोड्याच वेळात ती वर आली. केस तोंडावर, खांद्यावर भाऊ. पायरी पायरीने, कुणाचीही मदत न घेता ती त्याला घेऊन चढली आणि गढूळरावांच्या शेजारून निघून गेली.

७

मेहुणा दिवस मावळायच्या आत गेला. डॉक्टरांना काही कारण सापडलं नाही. गळावरून काढलेला लहान मासा पुन्हा पाण्यात सोडला तरी जगत नाही, पण डॉक्टर मासे धरत नव्हते.

त्याला पोचवून आल्यावर बायको यंत्रावर बसली. ती गढूळरावांशी बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, त्यानंतरही नाही. रडली नाही, भांडली नाही. ते समोर आले की तिची नजर त्यांच्यातून आरपार पलीकडच्या भिंतीवर जायची. त्यांनी पाय धरले, तिने पाय काढून घेतले. यंत्र मात्र चालू असायचं. एकदा त्यांनी जवळ जाऊन बघितलं तर यंत्रात दोरा नव्हता आणि सुईखाली कापडही नव्हतं. तरी तो आवाज होता, आणि त्या आवाजावर ते दिवस ढकलत होते. रेडिओवाल्यांनी दुसरा माणूस बघितला.

मग एका सकाळी ती आरशासमोर केस वर बांधत होती. कपड्याच्या काठाखाली, कण्याच्या जरा बाजूला, दोन लहान खुणा. सफाईच्या. गढूळराव दारात उभे राहून त्या बघत राहिले. धावत सुटावं, कोपऱ्यापलीकडे, बाजारापलीकडे, जिथवर दोरा पुरत नाही तिथवर जावं, हे त्यांना सुचलं नाही असं नाही. त्यांना सगळं सुचलं. लहान माशाच्या मागे जो येईल तो हवा असतो, आणि या घरात आता दुसरं कुणी उरलं नव्हतं.

ती वळली. इतक्या दिवसांनी तिने त्यांच्या डोळ्यांत बघितलं. ती हसली.

‘‘अहो,’’ ती म्हणाली, ‘‘चला ना. जरा तळ्यावर जाऊन येऊ.’’

तिच्या पाठीवरून ओल उतरत होती. गढूळरावांचे डोळे भरून आले. ती बोलली होती.

‘‘थांब,’’ ते म्हणाले, ‘‘चपला घालतो.’’